गोदावरीचा गाळ समुद्रापर्यंत जातो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै-ऑगस्टात जोराचा पाऊस झाला की अर्धं नाशिक रामकुंडाकडे लोटतं. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी बातमी घरोघर फिरते. पाणी किती चढलं हे सगळे बघतात. त्या चहाच्या रंगाच्या पाण्यातून काय वाहत चाललंय आणि ते कुठवर जाणार, हे विचारणारे थोडे. त्या थोड्यांनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरण गोदावरीचंच घेतलं आहे, कारण तीच माझ्या रोजच्या पाहण्यातली.

पुराच्या पाण्यात असतं तरी काय?

माती, वाळू, गोटे आणि डोळ्यांना न दिसणारे क्षार. नदी हे ओझं तीन तऱ्हांनी नेते. चिकणमाती आणि पोयटा पाण्यात तरंगत जातात. आपल्याला दिसतो तो गढूळपणा यांचाच. जाड वाळू आणि गोटे तळाशी घरंगळत, टणाटण उड्या मारत पुढे सरकतात. तिसरा वाटा विरघळलेला: कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट वगैरे. सह्याद्रीचा काळा पाषाण पावसाच्या पाण्याने हळूहळू झिजतो, त्याचा हा अर्क. माघात नदी निवळशंख दिसते तेव्हाही हे क्षार मुकाट वाहतच असतात. पाणी तापवायच्या पातेल्याला पांढरं किटण धरतं, ते त्यांच्यापैकीच.

एका जुलैत मी घाटावरून लिटरभर पाणी बाटलीत भरून आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. बाटली ठेवून हात पुसेपर्यंत वाळूचे कण तळाला गेले होते. संध्याकाळपर्यंत नखाच्या जाडीचा मऊ साका बसला. वरचं पाणी मात्र चौथ्या दिवशीही पुरतं निवळलं नव्हतं. शेवटी घरच्यांनी ते तुळशीला घातलं.

यात जादू काही नाही. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा पोयट्याचा कण तीनेक तास घेतो. त्याच्याही दहाव्या हिश्शाचा चिकणमातीचा कण घेतो बारा-तेरा दिवस, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. वाहत्या नदीत पाणी सतत ढवळलं जातं, त्यामुळे चिकणमाती खाली बसायचं नाव घेत नाही. वाळू वेग कमी झाला की लगेच बूड टेकते. गाळाच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या फरकात आहे.

नदी वर्षभर सारखाच गाळ वाहते का?

मुळीच नाही. गोदावरी वर्षाचा नव्वद टक्क्यांहून जास्त गाळ पावसाळ्यात नेते आणि त्यातलाही मोठा भाग मोजक्या पुरांच्या दिवसांत. उरलेले आठ महिने ती जवळजवळ रिकाम्या हाताने चालते.

हे समजायला शेतापासून सुरुवात करावी लागते. वैशाखात गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातली जमीन नांगरून उघडी पडलेली असते. काळ्या मातीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. गुरांच्या खुरांनी, वाऱ्याने, उन्हाने वरचा थर भुगा झालेला असतो. अशात वळवाचा पहिला मारा बसतो. टपोरा थेंब ढेकळावर आपटला की ढेकूळ फुटतं आणि कण उडतात. थेंबांचं पाणी होतं, पाण्याचे ओघळ होतात, ओघळांचा ओढा. ओढे नदीला मिळतात तेव्हा गावातली म्हातारी माणसं म्हणतात, ‘नवं पाणी आलं.’

आषाढ-श्रावणात खरं काम होतं. इथे हिशेब सरळ नसतो. नदीतलं पाणी दुप्पट झालं म्हणजे गाळ दुप्पट झाला असं होत नाही. बऱ्याचदा तो चौपट होतो. पाणी वाढतं तसा वेग वाढतो, त्यामुळे प्रत्येक लिटरमागे जास्त माती उचलली जाते आणि लिटरही जास्त असतात. दोन्हीचा गुणाकार होतो. म्हणून एका मोठ्या पुराचे चार दिवस एखाद्या कोरड्या वर्षाच्या पूर्ण पावसाळ्याला भारी पडतात. १६ ऑगस्ट १९८६ ला भद्राचलमला गोदावरी ७५.६ फुटांवर गेली होती, आणि जुलै २०२२ मध्ये ७१.३ फुटांवर. असे पूर काठाच्या माणसांना उद्ध्वस्त करतात आणि नदीचं वर्षानुवर्षांचं साठलेलं ओझंही हलवून टाकतात.

हस्ताचा पाऊस सरला की पूर ओसरतो. वाळू वळणांच्या आतल्या बाजूला पडते, पोयटा काठांवर चढतो. दिवाळीपर्यंत पाणी हिरवट होतं, संक्रांतीला तळाचे गोटे दिसतात. उन्हाळ्यात उरतात ते डोह आणि त्यांच्या मधला कोरडा पसारा.

जूनचा पूर सप्टेंबरच्या पुरापेक्षा जास्त गढूळ का दिसतो?

कारण जूनमध्ये माती तयार पडलेली असते आणि सप्टेंबरमध्ये नसते. पहिल्या एक-दोन लोंढ्यांत उन्हाळाभराचा भुगा धुऊन जातो. तोवर बाजरी, सोयाबीन, कपाशी वर येतात. पान थेंबाचा मार झेलतं, मूळ माती धरून ठेवतं, बांधावर गवत माजतं. सप्टेंबरात नदी घाटाच्या त्याच पायरीपर्यंत चढली तरी तिच्यात माती निम्मी-पाव असू शकते.

एकाच पुरातही हे दिसतं. पाणी चढताना जास्त मळकट असतं आणि उतरताना कमी. म्हणूनच ‘पाणी अमुक फूट होतं, तर गाळ किती?’ असं विचारलं की जाणकार आधी विचारतो, ‘चढतं की उतरतं?’

नाशिकच्या शेतातला मातीचा कण समुद्राला किती दिवसांत पोहोचतो?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. कागदावरचं उत्तर आधी देतो. गोदावरीच्या उगमाचा ब्रह्मगिरी अरबी समुद्रापासून ऐंशीएक किलोमीटरवर आहे, पण गोदावरी तिकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पुरात पाणी सेकंदाला दीड ते दोन मीटर वेगाने वाहतं असं धरलं तर नऊ ते अकरा दिवसांत हा प्रवास व्हावा.

खरं उत्तर असं की आज तो कण बहुतेक पोहोचतच नाही.

तो निघतो आणि पहिल्यांदा अडकतो निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत बंधारा घातला गेला. त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, गाळाची बेटं झाली, त्यांवर पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. २०२० साली हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. हिवाळ्यात तिथे दुर्बिणी घेऊन जाणाऱ्यांपैकी किती जणांना कळतं कोण जाणे, पण ते बघत असतात ते मुळात एक गाळाने भरत आलेलं धरणच आहे.

बंधाऱ्यावरून निसटला तर पुढे पैठण. तिथलं जायकवाडी धरण १९७६ ला पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाची, नाथसागराची, एकूण साठवण १०२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात आहे. एवढ्या पसाऱ्यात शिरलं की नदीचं पाणी जवळजवळ थांबतं. वाळू जलाशयाच्या तोंडाशीच बसते, पोयटा थोडा आत, आणि चिकणमातीला खाली जायला आठवडे, महिने मिळतात. माझ्या खिडकीतल्या बाटलीत झालं तेच तिथे मोठ्या मापाने होतं. भरीस भर म्हणजे धरण ज्या पाण्याने भरतं ते मोसमातलं पहिलं, सर्वांत गढूळ पाणी असतं. मागाहून २७ दरवाजे उघडले तरी खाली जातं ते बरंचसं निवळलेलं.

त्याच्या पुढे तेलंगणात श्रीरामसागर आहे आणि इतर बंधारेही. म्हणजे त्र्यंबकच्या मातीला समुद्राचं तिकीट काढून बसवलं तरी तिला पैठणलाच उतरवून घेतात.

आणि धरणं नव्हती तेव्हा तरी? तेव्हाही चिकणमाती एका पुरात गेली असेल, पण वाळू नाही. वाळूचा कण एका पुरात थोडं चालतो आणि एखाद्या वळणावर मुक्काम ठोकतो. पुढच्या वर्षी पुन्हा उचलला जाईल, किंवा काठावर फेकला जाऊन त्याच्यावर पोयट्याचे थर चढतील आणि शंभर वर्षं तिथेच राहील. गोदाकाठच्या मळईच्या जमिनी अशा थांबलेल्या कणांच्याच आहेत.

मग समुद्राला मिळणारा गाळ येतो कुठून?

मुख्यतः पूर्वेकडच्या उपनद्यांकडून. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा यांचं पाणी प्राणहितेतून येतं आणि गडचिरोलीत सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते. मेअखेर तिथे उभं राहिलं की नाशिकहून आलेली मोठी बहीण आणि विदर्भातून आलेली धाकटी, यातली थोरली कोण असा प्रश्न पडतो. पुढे बस्तरकडून इंद्रावती येते, मग शबरी. या भागात पाऊस जास्त आणि मुख्य प्रवाहाच्या मानाने अडवणूक कमी. गोदावरीचं खोरं ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातलं जवळजवळ निम्मं महाराष्ट्रात येतं, पण मराठवाड्याच्या कोरड्या पट्ट्यापेक्षा या पूर्वेच्या अंगाचा वाटा समुद्राच्या दृष्टीने मोठा ठरतो.

रंगावरूनही ते कळतं. पापिकोंडलूच्या डोंगरांमधून बाहेर पडून गोदावरी राजमहेंद्रीला पोहोचते तेव्हा जुलैत तिचं पाणी तांबूस असतं. तिकडे त्याला ‘एर्र नीरु’ म्हणजे लाल पाणी म्हणतात. या लाल पाण्याची लोक डोळ्यांत तेल घालून वाट बघतात, कारण ते आलं की समुद्रातले हिलसा मासे प्रवाहाविरुद्ध नदीत चढतात आणि त्यांना ‘पुलसा’ असं नाव मिळतं. मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा, अशी तेलुगूत म्हणच आहे. भाव ऐकल्यावर ती अतिशयोक्ती वाटत नाही.

एकूण किती माती जाते?

१९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सरासरी १५ कोटी टन तरंगता गाळ समुद्राच्या दिशेने नेत होती. दहा टनी डंपर धरला तर दीड कोटी खेपा. नदीचं वर्षाचं पाणी सुमारे ११० अब्ज घनमीटर, म्हणजे लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपास माती पडते. चहाच्या चमच्याचा तिसरा भाग. ऐकायला क्षुल्लक, पण त्यावर अख्खा त्रिभुज प्रदेश उभा राहिला.

१९९० च्या दशकात हा आकडा सहा कोटी टनांच्या आत आला होता.

तुलनेला: गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला १०० कोटी टनांच्या आसपास आणतात, आणि जगातल्या सगळ्या नद्यांचा मिळून अंदाज १५०० ते २००० कोटी टनांचा धरला जातो.

धवलेश्वरमच्या पुढे नदीला फाटे का फुटतात?

तिथे उतार संपतो. राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरमला आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने बांधलेला बंधारा १८५२ मध्ये पूर्ण झाला. आज त्या जागी नवं बॅरेज आहे. डोंगरातून सुटलेली नदी इथे सपाटीवर येते, वेग मोडतो आणि हातातलं ओझं ती ठेवायला लागते. ठेवलेल्या ओझ्याने तिचीच वाट उंचावते, मग ती दुसरीकडून वाट काढते. गौतमी आणि वसिष्ठा हे दोन मोठे फाटे, शिवाय वैनतेय. परंपरेने सप्त गोदावरी म्हणतात आणि सात ऋषींची नावं सांगतात. कित्येक शतकं नदीने फाटे फोडले, सोडले, पुन्हा धरले, त्याचीच ती आठवण असावी असं मला वाटतं.

सहाएक हजार वर्षांपूर्वी समुद्राचा किनारा आजच्यापेक्षा कित्येक किलोमीटर आत होता. मधली सगळी जमीन नदीने आणून टाकलेली. आज तिथे भात आणि नारळाच्या बागा आहेत. जमिनीत कुदळ मारली तर दगड लागत नाही, हे आपल्याकडच्या मुरमाड माळावर वाढलेल्या माणसाला चमत्कारिक वाटतं.

खाऱ्या पाण्याला लागल्यावर गाळाचं काय होतं?

पूर्वी पावसाळ्यात विहिरीचं, ओढ्याचं गढूळ पाणी हंड्यात भरून त्यात तुरटी फिरवायचे. काही घरांत निवळीची बी सहाणेवर उगाळून घालत. दहा-पंधरा मिनिटांत मातीचे पुंजके धरायचे आणि तळाशी बसायचे. समुद्र नदीला हेच करतो.

चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि सुटे सुटे तरंगत राहतात. मिठाच्या पाण्यातले सोडियम-मॅग्नेशियमचे धनभारित कण हा दुरावा मोडून काढतात. कण एकमेकांना चिकटतात, पुंजका जड होतो आणि खाली बसतो. हजार किलोमीटर जी माती बसली नाही ती मुखापाशी काही किलोमीटरांत बसते. म्हणून मुखाजवळ चिखलाचे सपाट पट्टे तयार होतात, आणि चिखल आहे म्हणून कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे.

सगळंच तिथे थांबत नाही. गोडं पाणी हलकं असतं, ते खाऱ्या पाण्यावर सायीसारखं पसरतं. त्याच्याबरोबर अगदी बारीक माती आणि पोषकद्रव्यं दूरवर जातात. बाकीचा गाळ उतारावरून घसरत खोल समुद्रात उतरतो. या थरांत पावसाळ्यांच्या नोंदी दडलेल्या आहेत: समुद्रतळाला नळी घालून काढलेल्या चिखलात दख्खनच्या काळ्या मातीचं प्रमाण कधी वाढलं, कधी घटलं हे वाचून हजारो वर्षांपूर्वीचा मॉन्सून अजमावता येतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला नैसर्गिक वायूही अशाच फार जुन्या, गाडल्या गेलेल्या थरांतून येतो.

पावसाळा संपला की समुद्र नुसता बसून राहतो का?

नाही, उलट त्याची पाळी येते. नदीने चार महिन्यांत मुखाशी जे टाकलं ते लाटा वर्षभर वाटत राहतात. नैऋत्य वारे असतात तोवर लाटा पूर्व किनाऱ्यावर तिरप्या येतात आणि वाळू उत्तरेकडे ढकलतात. ईशान्य वारे सुरू झाले की काही काळ ढकलणं उलटं, दक्षिणेकडे. वर्षाचा हिशेब उत्तरेच्या बाजूने जास्त सुटतो. काकीनाड्यासमोर होप आयलंड म्हणतात तो वाळूचा लांबलचक दांडा गेल्या दोनेकशे वर्षांत याच रीतीने उत्तरेकडे वाढत गेला.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे महिने. एका रात्रीत लाटा पुळण खरवडून नेतात. पूर्वी दर पावसाळ्यात नदी नवी वाळू आणून हे नुकसान भरून काढायची. घेणं आणि देणं असं चालायचं.

धरणांमुळे किनारा खचतो, हे खरं की नुसती ओरड?

खरं आहे, पण धरणं हे एकच कारण नाही. त्रिभुज प्रदेशाची माती भुसभुशीत असते, ती स्वतःच्या वजनाने दबत राहते. वरून नवा थर पडत राहिला तर पातळी टिकते. गाळ निम्म्याहून कमी झाला, दबणं तसंच चालू राहिलं आणि समुद्राची पातळी हळूहळू वाढली, तर तिन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढतात. गोदावरीच्या मुखाशी १८०० हेक्टरांहून जास्त किनारपट्टी समुद्राने घेतल्याचं नकाशे आणि उपग्रहचित्रं ताडून दिसलं आहे. खारफुटीची कडाही खाल्ली गेली.

काकीनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा आहे, जामदनी साड्यांसाठी प्रसिद्ध. तिथे रस्ता, घरं, देवळं समुद्रात गेली. पण तिथलं सगळं खापर गोदावरीच्या धरणांवर फोडता येत नाही. वाळूचा दांडा आणि बंदराची बांधकामं यांनी लाटांची वाट बदलते, तेही आहेच. ठामपणे एकाच कारणाकडे बोट दाखवणाऱ्याचं मी फार ऐकून घेत नाही.

एवढं कळतं तर धरणातला गाळ खाली का सोडत नाहीत?

कारण आपली बहुतेक धरणं त्यासाठी बांधलेलीच नाहीत. दरवाजे वर असतात, गाळ तळाशी. शिवाय तळातून गाळ घालवायचा तर पावसाळ्याच्या सुरुवातीला धरण रिकामं ठेवून पहिले पूर जाऊ द्यावे लागतात. ज्या जिल्ह्यात दर दोन वर्षांआड टँकर लागतात तिथे ‘जूनचं पाणी सोडून द्या’ म्हणायची कोणाची हिंमत आहे? चीनमध्ये पीत नदीवरचं सानमेनशा धरण सुरू झाल्यावर काही वर्षांतच गाळाने भरायला लागलं, तेव्हा त्याचे मार्ग नव्याने पाडून गढूळ पाणी सोडायचं आणि स्वच्छ साठवायचं अशी पद्धत बसवावी लागली.

आपल्याकडे उलट्या बाजूने प्रयत्न होतो. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. उन्हाळ्यात तलाव आटले की पोकलेन लावून गाळ काढायचा आणि शेतकऱ्यांनी तो शेतात पसरायचा. लहान तलावांना याचा उपयोग होतो. नाथसागरासारख्या जलाशयाला ते म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. नाशिकच्या वरच्या गंगापूर धरणाची साठवण मुळात ७.२ टीएमसीच्या आसपास होती, आता ५.६ च्या आसपास धरतात. मधला फरक गाळाने खाल्ला.

पाणी ओसरल्यावर जलाशयाच्या काठची ओली गाळपेर जमीन मात्र सोनं असते. हरभरा, टरबूज, काकडी खताशिवाय येते. समुद्राला जायची माती कोणाच्या तरी पोटात जाते, एवढं खरं.

वाळू उपसल्याने समुद्राला काही फरक पडतो का? नदीत तर ती दरवर्षी येतेच.

दरवर्षी येते म्हणणाऱ्याने कुठल्याही वाळूघाटावर दोन पावसाळ्यांच्या अंतराने जाऊन बघावं. वाळूचा कण मुक्काम करत करत येतो, हे वर सांगितलं. डंपर एका रात्रीत जे नेतो ते भरायला नदीला कितीतरी पूर लागतात, आणि वरती धरण असेल तर भरतच नाही. मग वाळूचं ओझं नसलेलं भुकेलं पाणी पुलांचे पाये आणि काठ खायला लागतं, विहिरींची पातळी उतरते. किनाऱ्याचा तोटा आणखी वेगळा: पुळण बांधते ती जाड वाळू, चिकणमाती नाही. टनांत मोजताना वाळू थोडी भरते, पण किनारा तिच्यावरच उभा असतो.

कोकणातल्या नद्यांना त्रिभुज प्रदेश का नाही?

उडी मोठी, धाव छोटी आणि पुढे खाडी. वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका, गोव्यातल्या मांडवी-झुआरी घाटातून उतरतात आणि शंभरेक किलोमीटरच्या आतच समुद्राला लागतात. त्यांची मुखं म्हणजे समुद्र वर चढल्यावर बुडालेल्या दऱ्या आहेत. गाळ आधी त्या दऱ्या भरतो आणि भरती-ओहोटी त्याला आत-बाहेर खेळवत राहते. जुनी खाडीबंदरं बुजली ती यानेच. पूर आला की हाच गाळ गावात शिरतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा पाणी एक-दोन दिवसांत उतरलं, पण दुकानांतला, घरांतला चिखल काढायला लोकांना आठवडे लागले. नर्मदा-तापी मोठ्या आहेत खऱ्या, पण खंबातच्या आखातात भरतीच दहा मीटरच्या आसपास चढते. ती काही एका जागी साठू देत नाही.

गाळ मोजतात कसा?

पाण्याचा नमुना घेऊन, गाळून, वाळवून, वजन करून. केंद्रीय जल आयोगाची माणसं नदीवरच्या ठाण्यांवर हे करतात आणि गाळाची जाड, मध्यम, बारीक अशी विभागणी ठेवतात. तळाशी घरंगळणारी वाळू मोजणं फार कठीण, तिचा बहुधा अंदाजच बांधतात. धरणात किती साठलं हे पाणी वेगवेगळ्या पातळीला असताना काढलेल्या उपग्रहचित्रांवरून काढतात. नाशिकची ‘मेरी’ ही संस्था हे काम करते.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं तर कुठे आणि कधी जावं?

जूनच्या पहिल्या पुराला रामकुंड, पण पायरीवर उतरू नका, काठावरूनच बघा. जानेवारीत नांदूरमध्यमेश्वर. मार्च-एप्रिलमध्ये पैठणच्या वरच्या अंगाला, गाळपेरीवर हिरवं पीक आणि मागे फाटलेल्या काळ्या गाळाच्या लाद्या दिसतात तेव्हा. सिरोंच्याचा संगम पावसाळ्याच्या शेवटी, पाणी उतरायला लागल्यावर. आणि वेळ असेल तर ऑगस्टात अंतर्वेदी, जिथे वसिष्ठा समुद्राला मिळते. तिथे तांबूस पाणी आणि निळसर पाणी यांच्यामधली रेघ किनाऱ्यावरून दिसते. नावाडी त्या रेघेच्या अलीकडे होडी थांबवतात आणि हात बुडवून पाणी चाखायला सांगतात. अलीकडचं गोडसर लागतं आणि दातांखाली थोडी कचकच येते.